नागपूरची तारीख

५ जानेवारी १९८२, जाम

ही डायरी कर्नैलसिंग ड्रायव्हरने दिली. त्याला टायरच्या कंपनीकडून मिळाली होती. "हम क्या लिखेंगे, रूपरावजी, आप लिखो," म्हणाला. हैदराबादला जाताना आणि परतताना तो आमच्या हॉटेलात थांबतो. हॉटेल म्हणायचं, पण आहे काय, तर चौकाच्या कडेला टिनाचं छप्पर, चार बाकं आणि एक भट्टी. गिऱ्हाईक येतं ते मनकर्णाच्या, म्हणजे माझ्या नलूच्या आईच्या हातचे तर्री-पोहे खायला. मी चहा करतो आणि कपबशा विसळतो.

लिहायचं कारण मात्र दुसरं. काल मनकर्णाला वर्ध्याकडच्या दवाखान्यात दाखवलं. दिवाळीपासून तिला दम लागतो. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, की लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला असेल, त्याने हृदयातली एक झडप आवळून गेली आहे. रक्त पुढे जायला जागा नाही, ते मागे फुफ्फुसात तुंबतं. ऑपरेशन करून झडप मोकळी करावी लागेल, आणि ते नागपूरलाच होईल. गोळ्या चालू ठेवा, पण वर्ष काढू नका.

"रोज लिहून ठेवा," म्हणाले. "किती चाललं की दम लागतो, पायाला सूज येते का, झोप कशी लागते. नागपूरच्या डॉक्टरांना कामी येईल."

मी मॅट्रिकला गणितात गेलो, पण अक्षर बरं आहे.

वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. येताना एस.टी.त मी तिला तेच म्हटलं. ती खिडकीतून तुरीची शेतं पाहत होती. म्हणाली, "हो नं. वर्षात काय काय होते."

८ जानेवारी

हापशावरून एक बादली आणली की बाकावर बसते. संध्याकाळी पाय सुजतात. झोप चांगली. झोपेचं तिलाच विचारून लिहिलं.

११ जानेवारी

सकाळी उठलो तेव्हा ती पोह्याच्या पोत्याला टेकून बसलेली होती. म्हणाली, खाटेत ढेकूण झाले, आडवं होऊ देत नाहीत. दुपारी खाट उन्हात टाकून उकळतं पाणी ओतलं. एकही ढेकूण निघाला नाही. उद्या पुन्हा पाहतो.

१४ जानेवारी

आज संक्रांत. बायका वाण द्यायला आल्या, मनकर्णाने बसल्या बसल्याच सगळ्यांना हळद-कुंकू लावलं.

विम्याचे एक साहेब हिंगणघाटला जाताना चहाला थांबतात. त्यांना विचारलं, विमा काढला तर ऑपरेशनचा खर्च निघेल का? साहेब हसले नाहीत, एवढं बरं केलं. म्हणाले, "रूपरावजी, आमचा विमा माणूस गेल्यावर मिळते. जित्या माणसाच्या दुरुस्तीले नाई मिळत."

दुसऱ्या एकाने सांगितलं, की काही गावांत घरटी ज्वारी गोळा करतात आणि त्यावर दवाखान्याचं कार्ड मिळतं. ग्रामपंचायतीत जाऊन आलो. तिथे म्हणाले, आपल्याकडे अजून तसं काही आलं नाही, आणि आलं तरी तुम्ही सडकेवरचे, तुम्हाला कोणत्या गावात धरायचं?

मनकर्णाला हे सांगितलं नाही. तिला सांगितलं, चौकशी चालू आहे. ती म्हणाली, "मंग काय काळजी."

२२ जानेवारी

पुलगावहून लक्ष्मणभाऊ आणि वहिनी आले होते. भाऊ माझ्याहून थोरला, पुलगावच्या गिरणीत कायम आहे. त्याचं कामगार विम्याचं कार्ड आहे. घरच्यांना औषधपाणी फुकट आणि मोठा आजार निघाला तर नागपूर-मुंबईला पाठवण्याचा खर्चही तेच करतात.

कल्पना वहिनीच्या डोक्यातली. जेवताना म्हणाली, "माह्यं नाव हाय नं त्या कार्डावर. आनंदाबाई लक्ष्मणराव. फोटो थोडीच हाय? मनकर्णा माह्याच वयाची. तिनं आनंदाबाई म्हणून जायचं, बस."

भाऊ ताटाकडे पाहत राहिला. मीही. खोटं आहे हे आम्हाला तिघांना कळत होतं. भाऊची नोकरी जाऊ शकते, हेही कळत होतं. तरी भाऊच शेवटी म्हणाला, "रूपा, घेऊन ये तिले."

मनकर्णा भट्टीजवळ होती. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, बोलत तर नाहीच. तिने फक्त पाण्याचा तांब्या वहिनीकडे सरकवला.

२९ जानेवारी

कालचं लिहितो.

सकाळच्या गाडीने पुलगावला उतरलो. भाऊ विम्याच्या दवाखान्याच्या फाटकापाशी उभा होता. मला म्हणाला, तू बाहेर थांब, दोन दोन पुरुष पाहून उगाच कोणी विचारेल. पण खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

बाबू चष्म्याचा, वयस्क. त्याने कार्ड पाहिलं.

"नाव?"

"आनंदाबाई," मनकर्णा म्हणाली. गाडीत मी तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं होतं.

"नवऱ्याचं नाव?"

आता गाडीत हे मी म्हणवून घेतलं नव्हतं. मला सुचलंच नाही. तिने पदर आणखी पुढे ओढला. भाऊ बाजूला उभा, त्याचे कान लाल झालेले.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा. कार्डावर हाय, पण तुमच्या तोंडून सांगा लागते."

माझ्या बायकोने लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव कधी घेतलं नाही. मला हाक मारायची तर "अवो" नाहीतर "नलूचे बाबा". आणि इथे ज्याच्यासमोर पदर घ्यायचा, त्याचं नाव नवरा म्हणून घ्यायचं होतं. मी बाहेरून मनात म्हणत होतो, म्हण, मनकर्णे, एवढं म्हणून टाक.

ती म्हणाली, "रूपराव."

मोठ्याने म्हणाली. रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या.

बाबूने कार्ड पुन्हा पाहिलं. मग भाऊकडे, मग तिच्याकडे. तिला धाप लागली होती, ओठ निळसर झाले होते. त्याने कार्ड मिटून भाऊच्या हातात दिलं आणि हळू म्हणाला, "भाऊ, मी काई ऐकलं नाई. घेऊन जा बाईले. दुसऱ्या कोण्या खिडकीवर असं करू नका, गिरणीतून जासान."

स्टेशनवर मी तिला एकदाच म्हटलं, "काऊन असं केलं?"

ती म्हणाली, "मले नाई आलं ते. दुसरं सगळं आलं असतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या तोंडून माझं नाव कसं वाजतं ते मी विसरलोच होतो.

७ फेब्रुवारी

नागपूरला जाऊन आलो. मोठ्या सरकारी दवाखान्यात. कर्नैलसिंगने ट्रकमध्ये पुढे बसवून नेलं. तिथे उमाळकर म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी ही डायरी मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. ढेकणांच्या पानावर थांबल्या. मनकर्णाला म्हणाल्या, "आडवं झालं की गुदमरतं ना?" मनकर्णा म्हणाली, "नाई जी, ढेकूणच होते."

सरकारी असल्यामुळे ऑपरेशनचे पैसे नाहीत. औषधं आणि बाकी सामान थोडंफार आणावं लागेल. ते मी करीन, भट्टी चालू आहे तोवर होईल. पण दोन गोष्टी आहेत. एक, तारीख. अशा रोग्यांची यादी मोठी आहे. मार्चच्या शेवटी भरती व्हा, म्हणाल्या. दुसरी, चार बाटल्या रक्त. ते नातेवाइकांनी द्यायचं. रक्त जमल्याशिवाय ऑपरेशनला घेत नाहीत.

तारीख मिळाली! येताना मी कर्नैलसिंगला जलेबी खिलवली. मनकर्णाने एक तुकडा खाल्ला, उरलेली नलूसाठी बांधून घेतली.

१५ फेब्रुवारी

एक बाटली माझी. तीन हव्या.

मनकर्णाच्या माहेरी गेलतो. तिचे दोन्ही भाऊ धडधाकट आहेत. थोरला म्हणाला, आता गव्हाची कापणी हाय, रक्त दिलं तर ताकद कुठून आणू? धाकट्याची बायको दारातच आडवी आली. "रक्त काढलं की माणूस चिपाड होते. आमच्या गावच्या एकानं देलं, तो मेला." कोण मेला विचारलं तर नाव सांगता येईना.

त्यांना शिव्या देत परतलो. मनकर्णाला सांगितलं, दोघंही तयार आहेत, कापणी झाली की येतील.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "त्याइले सांगजा, सावकाश या."

२३ फेब्रुवारी

मनकर्णाची धाकटी बहीण शकुबाई राहायला आली. बिचारीचा नवरा तीन वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेला, मूलबाळ नाही. मनकर्णानेच निरोप पाठवून बोलावलं. म्हणाली, मी दवाखान्यात असताना हॉटेल कोण पाहील, नलूची वेणी कोण घालील? मला हे आवडलं. ऑपरेशनची तयारी ती माझ्याहून पद्धतशीर करते आहे.

२ मार्च

आता पोह्यांवरची तर्री शकू करते. मनकर्णा बाकावर बसून सांगते, "कांदा अजून होऊ दे. घाई करू नोको. तिखट टाकलं की लगेच पाणी." मला वाटलं होतं, तर्रीचं गुपित ती कोणाला देणार नाही. शकूने आज केलेली हुबेहूब तिच्यासारखी झाली. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. मी मनकर्णाला म्हटलं, आता तुझं काय राहिलं? सगळे हसलो.

९ मार्च

दुसरी बाटली वहिनीची. खरं तर लक्ष्मणभाऊ देणार होता. नागपूरला दोघांना घेऊन गेलो. भाऊ खुर्चीवर बसला, सुई पाहिली आणि घामाघूम होऊन खालीच बसला. वहिनीने पदर खोचला आणि म्हणाली, "सरका तुमी. माह्यं कार्ड नाई चाललं, रक्त तरी चालन." सिस्टर म्हणाली बायका सहसा देत नाहीत. वहिनी म्हणाली, "मले काय विचारता, सुई टोचा."

१३ मार्च

कर्नैलसिंगने बाटली दिली. सोबत त्याचा एक जोडीदार ड्रायव्हर, त्यानेही दिली. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तो नांदेडचं एक गाव सांगत होता. मी हात जोडले तर म्हणाला, "चाय तो पिलाते हो ना."

चार झाल्या. चारही रक्तपेढीत मनकर्णाच्या नावावर जमा, वेळेला त्यांच्या बदल्यात तिच्या गटाचं ताजं रक्त देतात. पावती मी देवाच्या फोटोमागे ठेवली.

१८ मार्च

ऊन तापायला लागलं. मनकर्णाने पायातली जोडवी काढून ठेवली, म्हणे बोटात रुततात. शिवाय दवाखान्यात चोऱ्या होतात. हे बरोबर आहे, मी ती डब्यात ठेवली. तिची हिरवी साडी तिने शकूला दिली, अंगावर जड होते म्हणून. ऑपरेशननंतर नवी घेऊ, हलकी.

तोंड पुसायच्या फडक्यावर लालसर डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, पान खाल्लं. तिला पानाची आवड कधी लागली कोण जाणे. फडकी मात्र ती स्वतःच धुते, नलूला हात लावू देत नाही.

२१ मार्च

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मनकर्णा, शकू आणि मी बसलो होतो. मनकर्णा एकदम म्हणाली, "अवो, शकूले परत तिच्या सासरी नोका पाठवजा. तिथं तिचे हाल करतात."

मी म्हटलं, "तू आल्यावर ठरवू."

"माह्यं काय, मी हाय नाई... पोरगी तिच्या अंगावर रुळली. एवढंच म्हणतो."

शकू उठून आत गेली. डोळ्यांत तिखट गेलं म्हणाली. मनकर्णाचा जीव बहिणीत फार आहे. मी शब्द दिला की शकू हवी तोवर राहील. तेव्हा कुठे ती बाकावर मागे टेकून डोळे मिटून बसली.

२६ मार्च, नागपूर

भरती झाली. निघताना नलू रडली नाही. मनकर्णाने तिला बाजूला नेऊन काही सांगितलं, त्यानंतर ती शकूचा हात धरून उभी राहिली. नऊ वर्षांची पोर, पण शहाणी.

शेजारच्या खाटेवर सखू म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. तिला हाच आजार. तिचा बाप जंगू गिरडपलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरून आला आहे. घरात ते गोंडी बोलतात, माझ्याशी मोडकं मराठी. तो वॉर्डाबाहेर भिंतीशी उकिडवा बसून असतो. मुलीची तारीख आहे, पण रक्त नाही. त्याचं एकट्याचं घेतलं, बाकीचं कुठून आणावं ते त्याला कळत नाही.

आम्हाला सगळं जमलं आहे, हे त्याच्याकडे पाहून लक्षात येतं.

२८ मार्च

मनकर्णा सखूचे केस विंचरून देते. एक बाजू झाली की थांबते, दम घेते, मग दुसरी. सखूने विचारलं, "मावशी, छाती कापतात तवा लय दुखते का वो?"

"कायचं दुखते! तुले झोपवून देतात. उठली का मस्त पळशीन."

"तुमाले भेव नाई वाटत?"

"मले? माह्यावाल्या नवऱ्यानं सगळं लिहून ठेवलं हाय. डॉक्टरले विचारा लागत नाई काई."

मला फार बरं वाटलं. मी ज्या आशेने इतके दिवस काढले, ती तिच्यातही उतरली आहे.

३१ मार्च

उद्याची तारीख होती. पण काल संध्याकाळपासून तिला ताप आणि खोकला. उमाळकर बाईंनी तपासलं. छातीत पाणी झालं आहे, असं असताना भूल देता येत नाही. आधी छाती साफ होऊ द्या, आठवड्याने घेऊ. तिला वॉर्डाच्या टोकाला, सिस्टरच्या टेबलामागच्या छोट्या खोलीत हलवलं. तिथे ऑक्सिजन आहे.

आठवड्याने काय होतं? इतके दिवस थांबलो.

जंगू काल गावाकडे गेला, भावांना रक्तासाठी आणायला. जाताना म्हणाला, "बाईले सांगजो, सखूकडं पाहाजो." मी म्हटलं, ती पाहतेच.

२ एप्रिल

आज ताप कमी. माझ्याशी बरंच बोलली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही हिंगणघाटच्या बाजारातून कढई आणली तेव्हा मी भाव करता करता दुकानदाराशी भांडलो, ते आठवून हसली. हसताना खोकला आला. मी म्हटलं, पड आता.

म्हणाली, "रूपराव."

मी म्हटलं, "काय?"

"काई नाई. म्हणून पाहिलं."

उद्या सकाळी तिला दूध-साखर द्यायला सिस्टरने परवानगी दिली. सुधारणा आहे.

११ एप्रिल, जाम

ती तीन तारखेला सकाळी गेली. मी दूध आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर खोलीच्या दारात उमाळकर बाई उभ्या होत्या, आणि त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.

कर्नैलसिंगचा ट्रक नव्हता. दुसऱ्याच एका ड्रायव्हरने आम्हाला आणून सोडलं, घरापर्यंत. पैसे घेतले नाहीत.

१४ एप्रिल

तेराव्याचं सगळं लक्ष्मणभाऊ पाहतो आहे. मला काही सुचत नाही. हॉटेल बंद आहे. ड्रायव्हर लोक थांबतात, बंद पाहून विचारतात, मग गाडीतून उतरून थोडा वेळ बसतात आणि जातात.

नलूला विचारलं, निघताना आईने तुला काय सांगितलं होतं?

"म्हणे, मी नाई आली तं शकूमावशीले आई नाई म्हटलं तरी चालते, पण तिचं ऐकजो. आन् म्हणे, बाबाले सांगू नको आताच. त्याइले वाटते मी येतो म्हणून."

मी शकूकडे पाहिलं. ती ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं. म्हणाली, "भाऊजी, तिले माहीत होतं. जानेवारीपासून. तिनंच मले सांगितलं. आडवं होता येत नव्हतं तिले. तुमी खाटेवर पाणी ओतत होते तवा तोंड फिरवून रडली थे. म्हणे, या माणसाची आस नोको मोडा कोणी. हाच आधार हाय माह्या जवळ."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. इतके दिवस मला वाटत होतं, मी तिला धरून ठेवलं आहे.

१७ एप्रिल

उमाळकर बाईंचा निरोप आला, एका कंडक्टरच्या हाती. मनकर्णाच्या नावावर रक्तपेढीत चार बाटल्या जमा आहेत. माझी हरकत नसेल तर त्या सखूच्या नावावर करता येतील. तिची तारीख वीस आहे. जंगूला गावातून एकच माणूस मिळाला. मी येऊन सही द्यावी. नाही आलो तरी काही म्हणणं नाही.

मी निरोप आणणाऱ्याला चहासुद्धा विचारला नाही. संतापच आला. ते रक्त तिचं आहे. वहिनीने, कर्नैलसिंगने, त्या नांदेडवाल्याने तिच्यासाठी दंड पुढे केला होता. तिला एक थेंब मिळाला नाही आणि आता ते दुसऱ्याला? तिची तारीखही द्या मग. खाट दिलीच आहे.

१८ एप्रिल

वहिनीला विचारलं. म्हणाली, "भाऊजी, माह्यं रक्त मी परत थोडीच आणणार हावो? तिथं राह्यलं तं नासन."

१९ एप्रिल, नागपूर

आलो. सही दिली. रक्तपेढीच्या बाबूने मनकर्णाच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर सखूचं नाव लिहिलं. त्याची रेघ मारून होईपर्यंत मी दुसरीकडे पाहिलं.

लगेच परत निघणार होतो. निघालो नाही.

२० एप्रिल, नागपूर

सकाळी सखूला नेलं. मी थिएटरबाहेरच्या बाकावर जंगूच्या शेजारी बसलो. त्याने अंगात नवा सदरा घातला होता, घडीच्या खुणा तशाच. बराच वेळ तो दाराकडे पाहत होता. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

मग म्हणाला, "भाऊ, तू लय चांगला. डॉक्टरबाई सांगते, रक्त तू देल्लं. तुमाले नाई लागलं?"

मी म्हटलं, "उरलं होतं."

"बाई कशी हाय? सखू म्हणे, मावशी घरी गेली, मले न सांगता गेली. रुसली होती पोरगी."

तेव्हा मला समजलं, की वॉर्डातल्या बायकांना सिस्टरने तसंच सांगितलं असणार. सगळ्याच त्या आजाराच्या, सांगणार तरी काय. तो माझ्याकडे पाहत होता. बरोबर समोर लाल दिवा लागलेला.

मी म्हटलं, "घरीच हाय."

"ऑपरेशन झालं तिचं?"

"झालं."

"चालते आता? दम नाई लागत?"

"नाई लागत. भाकरी करते, भट्टीपाशी बसते. परवा बाजारात गेलती, पायी."

"पायी?"

"हो. मलेच मागं टाकलं."

जंगू हसला. त्याचा एक दात पडलेला आहे, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. मांड्यांखालचे हात त्याने बाहेर काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. "मंग आमचीबी होते बरी," म्हणाला. "एकच बिमारी नं दोघींची."

"एकच," मी म्हटलं.

दुपार झाली तेव्हा उमाळकर बाई बाहेर आल्या. तोंडावरचं फडकं त्यांनी खाली ओढलं. जंगूला म्हणाल्या, झडप मोकळी झाली, चांगली झाली, मुलगी शुद्धीवर येते आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काही बोलू नका. त्या तशाच आत वळल्या.

जंगू माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं, तो तसाच धरून राहिला. त्याच्या सदऱ्याला नव्या कापडाचा वास होता.

निघताना तो जिन्यापर्यंत सोबत आला. म्हणाला, "पुढल्या साली मोहाचं फूल झडते तवा येजो आमच्याकडं. बाईले घेऊन येजो. सखू तिले सगळं जंगल फिरवते, आता पळते नं ती."

मी म्हटलं, "आणतो."

"नक्की?"

"नक्की."

खाली रस्त्यावर येऊन मी जामकडे जाणारी गाडी पाहू लागलो.